कट्ट्यावरचा पेला

मंगळवार, दिवेलागण

मॅडमनी प्रबंधाचा आराखडा परत केला. म्हणाल्या, "कोल्हापूरचा दूध कट्टा हा विषय झाला. तुझा प्रश्न कुठाय?" प्रश्न काय झाडाला लागतात?

पप्पा रोजच्यासारखी म्हैस घेऊन कट्ट्यावर निघाले. वैतागून मीही गेले. गिऱ्हाइकांसमोर धार काढून त्यांनी एक फेसाळ पेला मलाही दिला. प्याले, पण डोक्यात तेच. प्रश्न कुठाय?

परत आलो तर आई गोठ्यात वैरण टाकत होती. सहज विचारलं, "तू कधी प्यालीस गं कट्ट्यावर?"

"मी? जल्मभर म्हशींची शेणघाण काढली की. तिथं कोण न्हेतंय मला?" हसली.

मला नाही हसू आलं. आराखड्यातलं माझं पहिलंच वाक्य: 'प्रत्येक कोल्हापूरकर कट्ट्यावर दूध प्यायलेला असतो.'

प्रत्येक?

मग आई कुठली?