मागच्या चाकाची घरघर

महाल, नागपूर
४ डिसेंबर १९७४

ती. सौ. इंदूताईस,
मार्तंडाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांची छत्तीस सालची मोटार आपल्या दोघा भावंडांची, हे मी कधी नाकारलं? पण एकदम भंगारात! बरं, तुझी अट मंजूर. संक्रांतीला ती स्वतःच्या चाकांवर काटोलला तुझ्या दारात उभी राहिली तर ठेवायची, नाही तर भंगारवाल्याला द्यायची.

दुखणं मोठं नाही. चालताना मागून घरघर येते. शालिकराम मिस्त्रीने लांब पेचकस मागच्या आसाला टेकवला, मूठ कानाला लावली आणि डाव्या चाकाचं बेअरिंग झिजल्याचं सांगितलं. तेच काढून राहिलो आहे. कौशल्या म्हणते, इतकी सेवा मी बायकोची कधी केली नाही.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.
तुझा, मार्तंड

काटोल
१९ डिसेंबर १९७४

चि. मार्तंडास अ. उ. आ.

मले तुह्यासारखं शुद्ध लिहिता येत नाही, बोलते तसंच लिहून राहिली. डावं बेअरिंग बदललं न् घरघर तशीच, हे तुह्या कार्डावरून समजलं. झिजलं होतं उजवं, न् आवाज आसातून डावीकडे येत होता म्हणे! हसून हसून पोट दुखलं गा.

तुहे भाऊजी म्हणतात, मार्तंडले आणखी महिना दे. मी नाही देत. भंगारवाल्याले संक्रांतीच्या दिवशी बारा वाजता बोलावून ठेवलं. तू त्या डब्याच्या मागं काहून एवढा लागला, देव जाणे. थंडीचा जमिनीवर लोळू नको, मफलर बांध.

रागावली तरी तुहीच,
इंदूताई

महाल, नागपूर
८ जानेवारी १९७५

ती. सौ. इंदूताईस,
शि. सा. न. वि. वि.

साऱ्या सीताबर्डीत उजव्या चाकासाठी तसं दुसरं बेअरिंग नव्हतं. शेवटी कापसाच्या जिनिंगच्या मशीनचं एक त्याच मापाचं निघालं. पण आसावर चढेना. ठोकलं तर फुटायचं, म्हणून शालिकरामाने ते तेलात तापवायला सांगितलं. तापलं की जरासं फुलतं न् सरकन बसतं. घरात आयतंच तेल तापलं होतं. कौशल्या कोथिंबिरीची सांबारवडी तळत होती. ती परसात आणखी सांबार खुडायला गेली, तेवढ्यात मी बेअरिंग कढईत सोडलं न् चिमट्याने काढून पळालो.

बेअरिंग झकास बसलं. पण ते मी रॉकेलने धुतलं होतं न् नीट पुसलं नव्हतं. बिचारीने उरलेल्या वड्या त्याच तेलात तळल्या. जेवायला तिचे भाऊ वामनराव. त्यांनी पहिल्याच घासाला विचारलं, वडीत मोटार घातली का? तेव्हापासून कौशल्येने माझ्याशी अबोला धरला आहे.

काहून लागलो विचारतेस, तर ऐक. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण ती मोटार सुरू केली की मला ते घरात आहेत असं वाटतं. ती गेली तर ते पुन्हा जातील. संक्रांतीला येतो.

एवढं मनावर घे.
तुझा, मार्तंड

काटोल
१६ जानेवारी १९७५

चि. मार्तंडास अ. उ. आ.

साडेअकराले तुहा भोंगा ऐकला न् पायात चप्पल न घालता बाहेर धावली. भंगारवाल्याले तिळगूळ देऊन वापस पाठवलं. मोटार विकायची नाही, विषय संपला.

तू गेल्यावर मात्र खूप रडली. तू बारा वर्षांचा होता तेव्हा बाबांनी तुह्या हाती स्टेअरिंग दिलं. मी अठरा वर्षांची. मी मागितलं तर म्हणाले, पोरींचं काम नाही. तेव्हापासून ती मोटार दिसली की जीव जळे. म्हणून विकायची होती, दुसरं कारण नाही. परवा तू गावातून चक्कर मारायले बोलावलं, तर मी आपली आपण मागच्या सीटवर जाऊन बसली. कोणी सांगितलं होतं मले?

येत्या रविवारी मोटार घेऊन ये. संत्रा बाजाराचं मैदान त्या दिवशी खाली राहते. ब्रेक कोणता, क्लच कोणता, सारं दाखव, न् कुठं धडकली तर हसू नको. सत्तावन्न वर्षांची झाली मी. आता मले कोणी पोरगी म्हणत नाही.

वाट पाहून राहिली,
इंदूताई