कुंकवाची बटणं

बुधवार, रात्र. जळगाव.

शिंदखेड्याकडच्या सूतगिरणीत जाऊन आलो. तिथल्या कामगारांना सरकारी खर्चाने नव्या यंत्राचं प्रशिक्षण दिलं होतं. त्याचा उपयोग झाला का, एवढंच बघायचं होतं. यंत्र आलंय, पण खोक्यातच आहे. वाढीव वीज मंजूर झाली नाही म्हणे. खोक्यावर दसऱ्याचा वाळलेला हार आणि कुंकवाचे ठिपके. ठिपके असे एका ओळीत का, ते कळेना.

"मशीन शे, मंग पूजा तं करनी पडस ना, साहेब," नाना म्हणाले. प्रशिक्षण घेतलेल्यांत तेच सगळ्यांत वडील. मग एकेका ठिपक्यावर बोट ठेवत गेले. हे चालूचं, हे वेगाचं, हे बंदचं. रोज जेवणाच्या सुट्टीत दाबून बघतात. "नही तं हात इसरी जाई."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी वहीत तिन्ही बटणं उतरवून घेतली. अहवालात काय लिहू? शिकवलेलं लक्षात आहे, हे तर खरंच.

जेवायला बसलो तर बोटाला कुंकू. मी कधी दाबलं? हिने विचारलं, देवळात गेला होतात का. हो म्हणालो.