तो एकटा तारा

प्रिय राजू,

आण्णांना जाऊन महिना झाला. दवाखाना उघडलाय, पण आत पाऊल टाकलं की नजर आधी कोपऱ्यातल्या त्यांच्या खुर्चीकडे जाते. आठवतं, त्यांची दाढ बसवली तेव्हा आरशात बघून अख्ख्या शिवाजी पेठेला ऐकू जाईल असे ओरडले होते, “एक नंबर काम हाय की गं, क्रांते!” बापाने पोरीची अशी जाहिरात करावी, मला तर लाजून मेल्यासारखं झालं होतं.

पेशंट कमी झालेत. नवीन माणूस आधी मोबाईलवर दवाखान्याला लोकांनी दिलेले तारे बघतो, मग मला. परवा गारगोटीच्या एक बाई खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, त्यो एक तारा कुणी दिलाय वो?” पाच-पाच ताऱ्यांच्या वर तो एकटा. शब्द नाही, फोटो नाही, नाव नुसतं ‘के.पी.’ वर्षभर माझ्या मानगुटीवर बसलाय. कुणी तोंड उघडलं की दातांआधी मनात येतं, हाच का तो? कवळी टोचते म्हणाल्या म्हणून मी बिचाऱ्या धोंडुबाईंवरही संशय घेतला.

तू चिडून त्याखाली लिहिलंस, ‘हिंमत असेल तर समोर या. असल्या माणसांना आमच्या दवाखान्यात जागा नाही.’ वाचून मला बरं वाटलं होतं. त्याच सुमारास आण्णांनी दवाखान्यात येऊन बसणं सोडलं. गुडघे दुखतात, पायऱ्या चढवत नाहीत, म्हणायचे. मी गोळ्या आणून दिल्या.

काल त्यांचा मोबाईल चार्जिंगला लावला. मोबाईलच्या दुकानदाराने त्यांना कसलंतरी खातं उघडून दिलेलं, नाव आपल्याच दुकानाचं टाकलेलं, ‘के.पी.’ मी त्याखालची यादी बघत गेले. तालमीजवळचा चहावाला, त्यांचा न्हावी, चपलावाला, ज्यांचं कौतुक करताना ते थकायचे नाहीत, त्या सगळ्यांना आण्णांनी एकेकच तारा दिलाय. चहावाल्याखाली चाचपडत टाईप केलंय, ‘एक नंबर’.

तारा काढा म्हणून तू केलेली तक्रार मंजूर झाली, दोन दिवसांत तो तारा निघेल, असा तुझा मेसेज आला. म्हणून हे पत्र. फोनवर मला बोलता येणार नाही. तक्रार मागे घे. पेशंट कमी आले तर येऊ देत. आणि त्याखालचं तुझं उत्तर तेवढं खोड. ते आण्णांनी उघडून वाचलं होतं, मोबाईलमध्ये तसं दिसतंय. त्यांचे गुडघे त्यानंतरच दुखायला लागले, राजू.

तुझीच,
क्रांतीताई