शिट्टीच्या आधी हात वर करू नकोस

छोट्या,

उठलास की आधी हे वाच, मगच फोन हातात घे. पोलीस ठाण्यातल्या साहेबांचा फोन आला होता. सामना संपल्यावर समोरच्या टीमच्या गोलकीपरचं डोकं कुणी फोडलं, त्याबद्दल तुझ्याशी 'नुसतं बोलायचंय' म्हणाले. आवाज जरा जास्तच गोड होता. मी वकीलबाईंना घेऊन येते. त्या शेजारी बसल्याशिवाय तू अवाक्षर काढायचं नाहीस. साहेब दारात आलेच, तर खुर्ची दे, पाणी दे आणि 'वकील आल्यावर बोलतो' एवढंच म्हण.

तुमचे कोच म्हणतील, वकील कशाला, आपण काय चोर आहोत? त्यांना माझा नंबर दे, मी बघते त्यांच्याकडे.

तुझी खोड मला ठाऊक आहे. शिट्टी वाजायच्या आत हात वर करून फाउल कबूल करतोस, कप्तानाने केलेलासुद्धा. मैदानावर त्याला टाळ्या पडतात. ठाण्यात ते लिहून घेतात आणि खाली सही मागतात.

आईला यातलं काही सांगू नकोस. जेवण झाकून ठेवलंय, खाऊन घे.

ताई काहीच कसं विचारत नाही, म्हणून कालपासून तोंड पाडून बसला आहेस. रागावले नाहीये रे. उद्या मला बोलावलं तर मला खोटं बोलता येणार नाही, तुला माहितीये. म्हणून विचारलं नाही. बाथरूमच्या बादलीत भिजत घातलेली तुझी जर्सीसुद्धा मी पाहिलेली नाही.

ताई