ऐंशी टक्के पाणी

सोमवार, ४ मार्च

वस्तुस्थिती क्रमाने लिहिते.

एक — या शहराचे सांडपाणी कोणतीही प्रक्रिया न होता तळ्यात जाते. दोन — तळ्याचे पाणी खालच्या वस्तीच्या विहिरींत झिरपते. दवाखान्याच्या नोंदवहीला दरवर्षी काविळीसाठी जादा पाने जोडावी लागतात. तीन — नगरपालिकेने शुद्धीकरण केंद्र बांधण्यासाठी आमच्या बँकेकडे कर्ज मागितले आहे. केंद्राची क्षमता, रोज एक कोटी वीस लाख लिटर. चार — प्रस्ताव तपासायला बँकेने मला पाठवले आहे. पाच — संचालक मंडळाची बैठक २७ तारखेला. ती हुकली तर या शहराची पाळी दोन वर्षांनी.

सहा — सल्लागाराच्या अहवालात पहिल्या वीस पानांत एकोणीस चुका आहेत. विसावे पान कोरे आहे.

मंगळवार, ५ मार्च

सल्लागार भेटायला आला. अत्तराचा वास आधी, तो मागून. "मॅडम, सगळं तुमच्याच पुस्तिकेप्रमाणे केलंय!" — हे मात्र खरे. शहराला रोज दीड कोटी लिटर पाणी मिळते. त्याचे ऐंशी टक्के सांडपाणी धरायचे. म्हणजे एक कोटी वीस लाख. बँकेच्या पुस्तिकेत तो नियम मीच लिहिला आहे, अकरा वर्षांपूर्वी. आजवर कोणी त्यावर बोट ठेवलेले नाही.

दुपारी उपसा केंद्र पाहिले. शहराचे सगळे सांडपाणी इथल्या विहिरीत जमते आणि दोन पंप ते उचलून तळ्याकडे ढकलतात. पंपचालक पन्नाशीतला, बटणे गळ्यापर्यंत लावलेली, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी विचारले, पंप चोवीस तास चालतात ना? म्हणाला, "चोवीस तास मी चालतो, बाई. पंप बसून असतात."

उद्धट मनुष्य, असे तिथेच उभ्याने लिहिणार होते. आताही लिहिते आहे.

बुधवार, ६ मार्च

पंपचालकाने स्वतः होऊन वह्या आणून दिल्या. सहा वर्षांच्या. रोज कोणता पंप किती वाजता सुरू, किती वाजता बंद. कोणी सांगितले नव्हते. "साहेब लोक विचारतात, पंप चालतो का. हो म्हणतो, ते जातात. किती चालतो, हे कोणी विचारतच नाही. म्हटलं, आपणच आपल्याला विचारावं."

बेरजा तपासल्या. तीन चुका काढून लाल पेनाने दुरुस्त केल्या. त्याने वही पाहिली, म्हणाला, "बरं झालं. आता उत्तर बघा."

उत्तर पाहिले. एका वेळी एकच पंप चालतो; तो तासाला पाच लाख लिटर उचलतो. माझ्या नियमाप्रमाणे दिवसाला चोवीस तास चालायला हवा. वह्यांची सरासरी — साडेदहा तास! म्हणजे साडेबावन्न लाख. निम्म्याहूनही कमी.

वह्या खोट्या असणार.

शुक्रवार, ८ मार्च

वह्या खऱ्या आहेत. दोन दिवस घड्याळ हातात धरून मी स्वतः विहिरीच्या कठड्यावर उभी होते. काल दहा तास चाळीस मिनिटे. आज दहा तास दहा.

शनिवार, ९ मार्च

मग उरलेले पाणी जाते कुठे? गळती असेल म्हणून नळजोडण्या पाहत खालच्या वस्तीत फिरले. पंपचालक सोबत. त्याची मेव्हणी तिथेच राहते. तिच्या ओट्यावर बसवले. ओट्याखाली तीन बादल्या ओळीने. भाजी धुतलेले पाणी पहिल्या बादलीत. त्यात भांड्यांचा पहिला हात. ते दुसऱ्या बादलीत, त्यात पायपुसणी. ते तिसऱ्या बादलीत; त्याने फरशी, आणि उरलेले दारातल्या कुंड्यांना.

"आणि मोरीत काय जातं?" मी विचारले.

"मोरीत? मोरीत जायला पाणी उरावं लागतं, ताई! नळाला पाऊण तास पाणी. तुमच्याकडे फार वेळ येतं वाटतं?"

शेजारची दारातून म्हणाली, "अगं, त्यांच्याकडे पाणी तरणंताठं बाहेर पडत असेल. आपल्याकडचं म्हातारं होऊन निघतं." सगळ्या हसल्या. मीही हसले — आधी वहीत टिपून घेऊन.

एकवीस घरे पाहिली. एकवीस ठिकाणी बादल्या.

ऐंशी टक्क्यांचा नियम मी लिहिला तेव्हा माझ्यापुढे होते ते मोठ्या शहरांचे मोजमाप, जिथे नळ दिवसभर वाहतात. एकही स्वयंपाकघर नव्हते.

रविवार, १० मार्च

हे केवळ आकड्यापुरते नाही. शुद्धीकरणाचे काम टाकीतले जिवाणू करतात; मैला हे त्यांचे अन्न. मोठ्या टाकीत निम्मे सांडपाणी सोडले तर ते उपाशी मरतात, टाकी सडते, दोन वर्षांत केंद्राला कुलूप. अशी चार केंद्रे मी डोळ्यांनी पाहिली आहेत. प्रत्येक वेळी शेरा लिहिला — "स्थानिक यंत्रणेची हेळसांड". चारही प्रस्ताव याच नियमाने मोजलेले होते.

ते शेरे कोणत्या तोंडाने परत घ्यायचे?

यांना फोन केला. यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुझी चूक? थांब, तारीख लिहून ठेवतो." मग म्हणाले, "पंधरा वर्षं मी भाजी चिरतो तीसुद्धा तू मोजतेस. तुला मोजणारा कोणीतरी भेटला. पेढे वाट!"

रागवायचे ठरवले होते. जमले नाही.

सोमवार, ११ मार्च

आमच्या साहेबांना कळवले. क्षमता साठ लाख करावी. शेजारची जागा पुढच्या वाढीसाठी राखावी. वाचलेल्या पैशात खालच्या वस्तीच्या गल्ल्यांत उघड्या गटारांच्या जागी बंदिस्त गटारे टाकावीत.

साहेब : "अहो बाई, मंडळासमोर मोठा प्रस्ताव पटकन जातो. लहान केलात तर चार प्रश्न विचारतात. त्यांनी एक कोटी वीस मागितलेत, देऊन टाका की! तुमचाच नियम आहे."

मी म्हणाले, म्हणूनच.

"सोळा दिवसांत नवा अहवाल? चूक कोणाची म्हणून लिहाल?"

माझी. नाव आणि हुद्द्यासकट.

साहेबांनी 'हुद्द्यासकट' हा शब्द एकदा उच्चारून पाहिला. मग — "लिहा. पण एक आकडा हुकला, तर त्या शहराची पाळी तुम्ही घालवलीत असं मी सांगेन."

शुक्रवार, १५ मार्च

पंपचालक रोज सकाळी आठला वह्यांचा गठ्ठा घेऊन विश्रामगृहाच्या व्हरांड्यात हजर. तो वाचतो, मी उतरवते. तो पान उलटताना थांबतो : "हा दिवस धरू नका. त्या दिवशी वीज नव्हती." एकदा म्हणाला, "तुमचं अक्षर छान आहे, पण फार शिस्तीत उभं राहतं. दमत नाही का?"

एवढी पदवीपत्रे भिंतीवर लावली; असा सहाध्यायी एकदाही मिळाला नव्हता. हे त्याला सांगायला हवे. सांगितले नाही. चहात साखर बरोबर आहे का, एवढेच विचारले.

गुरुवार, २१ मार्च

अहवाल गेला. एकशे बारा पाने. शेवटून तिसऱ्या परिच्छेदात माझी चूक, पहिल्या परिच्छेदात त्याच्या वह्या.

जुन्या चार केंद्रांवरचे शेरेही मागे घेत असल्याचे स्वतंत्र पत्र पाठवले. सही नेहमीच्याच अक्षरात केली, याची नोंद असावी.

बुधवार, २७ मार्च

मंजूर! साठ लाख लिटर आणि गल्ल्यांतली गटारे. साहेबांचा फोन : "प्रश्न चार नाही, अकरा विचारले. सगळ्यांची उत्तरं तुमच्या अहवालात होती. छळवादी आहात, पण —" पुढचे वाक्य त्यांनी गिळले. मी ते ऐकले असे धरते.

पंपचालकाला कळवले. "झालं ना? छान," एवढेच म्हणाला. त्याच्या मेव्हणीने मागून फोन हिसकावला : "ताई, आमच्या बादल्यांचं नाव छापलंत म्हणे! आता एक नवी घेऊन द्या!"

कित्येक वर्षांत इतकी हलकी झाले नव्हते. या शहराची, त्या ओट्याची, त्या उद्धट मनुष्याची मी ऋणी आहे. लिहायलाही संकोच वाटत नाही.

मंगळवार, २ एप्रिल

करारासोबतचे नगरपालिकेचे परिशिष्ट आले. लहान केंद्र खालच्या सखल जागेत मावते; तिथे सांडपाणी उतारानेच पोहोचेल. सबब उपसा केंद्र बंद, पंपचालकाचे पद रद्द. मोठ्या केंद्राच्या मूळ आराखड्यात चार चालक होते. 'मुख्य चालक' म्हणून नाव त्याचे.

फोन केला. तुम्हाला हे माहीत होते?

"वह्या आणून दिल्या त्याच्या आदल्या महिन्यातच मोठ्या केंद्राच्या चालकांची यादी लागली होती, बाई."

मग दिल्यात कशाला?

"दोन वर्षांनी कुलूप लागणाऱ्या जागेचा मुख्य होऊन काय करू? आणि मेव्हणीची पोरं तळ्यातून झिरपलेलं ते विहिरीचं पाणी पितात."

आजच्या टपालाने नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना पाठवलेले पत्र इथे उतरवून ठेवते :

"नव्या केंद्रात रोजच्या प्रवाहाची नोंद ठेवणारे कायम पद निर्माण करावे आणि त्यावर सध्याच्या पंपचालकांची, मुख्य चालकाच्या वेतनावर, नेमणूक करावी. कराराच्या तांत्रिक दाखल्यावर माझी सही बाकी आहे. ती त्यानंतरच होईल. तोंडी आश्वासन स्वीकारले जाणार नाही. सात दिवसांत लेखी उत्तर द्यावे."