पंखा नसलेला लॅपटॉप

प्रिय हळूबाई,

तुझा निरोप परवा दुपारी आला. दोन वर्षं आणि चार महिन्यांनी. मी तेव्हा एका बंद पडलेल्या लॅपटॉपचं पोट उघडून बसलो होतो. मोबाइलवर तुझं नाव दिसलं आणि हातातला स्क्रू जो सुटला तो अजून सापडलेला नाही. पाचच ओळी लिहिल्यास. धाकटी बहीण कॉलेजला जाणार, तिला लॅपटॉप हवाय, तू आता त्याच धंद्यात आहेस असं कळलं म्हणून विचारते, लहान स्वस्तातला चालतो की मोठाच घ्यावा. इथवर ठीक होतं. पण चौथी ओळ वाचली आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. "मागे स्वस्तातला घेऊन मी बाबांचा आवाज घालवला, आता ती चूक करायची नाही." आणि पाचवी, "हल्ली त्यांचा चेहरा आठवतो, आवाज मात्र काही केल्या आठवत नाही." मोबाइलवर तीनदा उत्तर लिहिलं आणि तीनदा पुसलं. कागदावर खोडलेलं निदान दिसतं तरी, म्हणून कागद घेतलाय. माझं अक्षर तुला माहीत आहे. कोंबडीचे पाय म्हणायचीस. सांभाळून घे.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. लहान लॅपटॉप वाईट नसतो गं. लोक उगाच नाकं मुरडतात. वजनाला एखाद्या जाड वहीइतका. पिशवीत टाकला तर आहे की नाही हे हात घालून बघावं लागतं. एकदा चार्ज केला की दिवसभराचे तास निघतात, वर्गात प्लगजवळच्या बाकासाठी मारामारी करावी लागत नाही. आत फिरणारं काही नसतं, त्यामुळे पडला झडला तरी बहुतेक वेळा कपडे झटकून उभा राहतो. पडदा एवढासा, हे लोक तोट्यात धरतात. मी धरत नाही. आपण दोघं तुझ्या लहान लॅपटॉपवर एकच धडा वाचायचो तेव्हा डोकी जवळ आणल्याशिवाय दिसायचंच नाही. तू पान संपवायला एवढा वेळ लावायचीस की मी तेच पान तीनदा वाचून मग तुझ्या कानामागचा तीळ वाचत बसायचो. मोठ्या पडद्यावर मी परीक्षेत पास झालो असतो.

तोटेही सांगतो. मी ज्यांच्याकडे काम करतो त्यांना गल्लीतले सगळे सोल्डरताई म्हणतात. पूर्वी टेलिफोनच्या खात्यात होत्या, आता हे दुरुस्तीचं दुकान. चष्म्यावर दुसरा चष्मा लावून बसतात आणि गिऱ्हाईक असो की मी, सगळ्यांना एकाच मापाने झापतात. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "हे बघ रे रागोबा, स्वस्तातला लॅपटॉप म्हणजे एका खोलीचं बिऱ्हाड. नवीन कपाट आणलंस की आधी काहीतरी बाहेर काढ. आणि भिंत पाडून खोली वाढवायला जाऊ नकोस, भिंत पलीकडच्याची आहे." अगदी तसंच असतं. साठवायची जागा मुळात थोडी, त्यातली निम्मी यंत्र स्वतःच अडवून बसतं. वर दर महिन्या-दोन महिन्यांनी नवीन अपडेट दारात उभं, मला जागा द्या म्हणून. मोठ्या यंत्रातली डिस्क काढून दुसऱ्यात घालता येते. ह्यात ती पाटीवरच, म्हणजे मदरबोर्डवरच, डकवलेली असते. पाटी गेली की सगळं गेलं, आणि पुसलेलं परत आणायचं म्हटलं तर मग बोलायलाच नको. चार्जरचं भोक वर्षभरात सैल होतं, बिजागरी तडकते. धाकटीला लिहायचं, वाचायचं, धडे ऐकायचे एवढंच करायचं असेल तर चालेल. चित्रं, सिनेमे, खेळ असलं काही असेल तर नको.

एक गुण मात्र जाहिरातीत कुणी छापत नाही. ह्या यंत्रांना पंखा नसतो. मोठा लॅपटॉप थोडा तापला की घूं घूं करायला लागतो, हे मुकाट बसतं. तुझ्या बाबांचं, काकांचं, बोलणं तुझ्या लॅपटॉपात इतकं स्वच्छ आलं होतं ते म्हणूनच. आठवतं ना, हॉस्पिटलची ती शेवटून दुसरी खाट? पाच दिवसांनी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन होतं आणि डॉक्टरांनी पाटीवर खडूने लिहावं इतकं स्पष्ट सांगितलं होतं की गाठीबरोबर आवाजही जाणार. मग तुझ्या डोक्यात आलं, आवाज आधीच भरून ठेवायचा. लॅपटॉप त्यांच्या पोटावर ठेवला तरी त्यांना ओझं होत नव्हतं. दुसरं कुठलं यंत्रबिंत्र असतं तर जमलं नसतं. काका सगळी हयात कात्री धरलेला माणूस, बोटं एवढी जाड की एका कळीबरोबर शेजारचीही दाबली जायची. म्हणून मी सुरू-बंद करायला बाजूला उभा. ते आधी दोनदा खाकरायचे. मग म्हणायचे, "हं, घे लिहून." लिहायचं काही नव्हतं, पण चाळीस वर्षं माप घेताना जे तोंडात बसलं ते बसलं. तुला एक, धाकटीला एक, काकूंना दोन, असं करत अकरा झाली; फितींना नावं त्यांनी सांगितली तशी तू नंतर घातलीस. त्या अकरांत काय होतं त्यातलं थोडंच मी ऐकलंय, कारण मधे मधे ते मला डोळ्यांनी खुणावायचे आणि मी सुरू करून बाहेर जाऊन उभा राहायचो.

ऑपरेशननंतर काका सात महिने होते, ते महिने तू मला फार सांगितले नाहीस. एकदाच म्हणालीस की दुपारी घरात कुणी नसलं की बाबा तो लॅपटॉप पोटावर घेतात, स्वतःचाच आवाज लावतात आणि त्याबरोबर ओठ हलवतात. तू दारातून पाहिलंस आणि पाय न वाजवता परत गेलीस. ते सांगताना तुझा चेहरा जसा झाला होता तसा मी नंतर आणखी एकदाच पाहिला. त्यावर येतोच. टाळत नाहीये. म्हणजे टाळतोय, पण येतो.

इथलं सांगतो. दुकान अरुंद आहे, दोन टेबलं, एक खिडकी, समोर इस्त्रीवाला. दुपारी दोनच्या सुमाराला सोल्डरताई जेवून खुर्चीतच डुलकी काढतात आणि गल्ली गप्प होते. त्या वेळी मी दुरुस्त झालेल्या यंत्रांचे स्पीकर तपासतो. कुणाचंही यंत्र असो, आवाजाची पट्टी वर सरकवली की पहिल्यांदा नुसती खरखर येते आणि त्या खरखरीत दोनदा खाकरल्याचं ऐकू येतं. मी थांबतो. मग, "हं, घे लिहून." आकडा सांगताना ते शेवटाला आवाज खाली आणायचे, खडूची रेघ ओढून टोकाला टिंब द्यावं तसा. तेही येतं. पहिल्यांदा झालं तेव्हा मी यंत्र उलटं करून टेबलावर आपटलं. ताई दचकून उठल्या आणि म्हणाल्या, "काय रे, डास होता?" आता आपटत नाही. आता वाट बघतो. एक दिवस आलं नाही तर दिवसभर कसनुसं होतं. ताईंना एकदा सांगून टाकलं. वाटलं, हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "यंत्रात भूत नसतं रे. ते बसवणारा बाहेर असतो."

तू चिडून मला तो लॅपटॉप दिलास, "घेऊन जा हे, पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस" म्हणालीस, तेव्हापासून तो माझ्याकडेच आहे. हा धंदा मी हौसेने धरलेला नाही. मला तो उघडायला शिकायचं होतं. दीड वर्षं शिकलो. पुसलेलं परत आणणारे जेवढे म्हणून उपाय आहेत ते सगळे केले, ताईंच्या ओळखीच्या एका माणसाकडे पाटी घेऊन सहा तासांचा प्रवास करून गेलो. त्याने भिंगातून बघितलं, यंत्राला जोडून बघितलं आणि विचारलं, पुसल्यावर ह्याच्यावर आणखी काही भरलंत का? मी हो म्हणालो. त्याने पाटी माझ्या हातात परत दिली. चहासुद्धा विचारला नाही.

आता तो दिवस. सगळ्यांना वाटतं मी आपल्या वर्गातल्या लंबूशी मारामारी केली, प्राचार्यांनी माझ्याकडून लेखी माफीनामा मागितला आणि माचिसच तो, पेटला आणि निघून गेला. घरी आई अजून तेच सांगते, "नाकावर राग, म्हणून पदवी गेली." मारामारी झाली हे खरं आहे, पण ती आठवड्यानंतरची. आपला तो प्रकल्प, वर्गातले बाक मुलांच्या मापाचे आहेत का. तू शिंप्याची मुलगी, तुझ्या हातात टेप आला की मुलं आपोआप ताठ उभी राहायची. तू आणि लंबू मिळून ऐंशी जणांची मापं घेतलीत, तू आकडे बोलायचीस आणि वेळ वाचावा म्हणून ते लॅपटॉपवर बोलूनच साठवलेत. मला टंकायला बसवलं. मी ग्रंथालयात एकटा टंकत होतो आणि तुम्ही दोघं आवारात हसत होता, ते खिडकीतून ऐकू यायचं. अहवाल द्यायच्या आदल्या दिवशी तू काकूंना दवाखान्यात घेऊन गेली होतीस. सकाळी अकरा वाजता यंत्राने सांगितलं, जागा अपुरी आहे. अहवाल साठवला जाईना, वर अपडेट अडून बसलं. मी तुला फोन केला. तू म्हणालीस, "कशाला हात लावू नकोस. मी तासाभरात येते, मग बघू." आणि तुझ्यामागून लंबूचा आवाज आला, "कोण, माचिस का?" त्याने तुम्हाला गाडीने दवाखान्यात सोडलं होतं, एवढंच. मला हे नंतर कळलं. तेव्हा मला काहीच कळून घ्यायचं नव्हतं.

हळूबाई, यंत्राने काही केलं नव्हतं. अपडेटनेही नाही. एका फोल्डरचं नाव "मापं" होतं. आत अकरा ध्वनिफिती, नावांच्या जागी नुसते आकडे, चौदा-बावीस-अडतीस असे. मला वाटलं, ह्या तुझ्या आणि लंबूच्या. शिंपी कापडावर गिऱ्हाइकाचं नाव लिहीत नाही, माप लिहितो, आणि काकांनी घरच्यांच्या फितींनाही तशीच नावं द्यायला सांगितली असतील हे माझ्या टाळक्यात आलं नाही, अकराचा आकडाही खटकला नाही. काकांचा आवाज ह्याच यंत्रात कुठेतरी आहे हे मला माहीत होतं. एक फीत लावून बघितली असती तर पहिल्या खाकरण्यालाच हात थांबला असता. मी लावली नाही. तुम्ही दोघं हसताना मला ऐकायचं नव्हतं. कचऱ्याच्या टोपलीत न टाकता थेट पुसायच्या कळा दाबल्या. खात्री आहे का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. मग अपडेट मीच सुरू केलं, सगळं वरून भरून टाकलं. दुसऱ्या दिवशी तू फोल्डर शोधलास, एकदा, दोनदा, आणि तुझा चेहरा बाबांना दारातून पाहिल्याचं सांगताना झाला होता तसा झाला, तेव्हा मला समजलं. बोलणार होतो. तेवढ्यात लंबू म्हणाला, "अपडेटने उडवलं असणार, स्वस्तातल्या यंत्राचं असंच असतं." मी नुसती मान हलवली. त्यानंतर त्याला मारलं ते त्याने मला सुटायला वाट दिली म्हणून. आणि आधी आवाज शोधून आणू, मग सांगू, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. खरं सांगतो, सापडला असता तर कधीच सांगितलं नसतं. पाटीसारखाच गप्प बसून तुझ्या दारात आलो असतो आणि तू मला देव मानलं असतंस. ह्या दोन वर्षांत तू मात्र रोज स्वतःला कंजूष म्हणत राहिलीस, हे तुझी चौथी ओळ वाचेपर्यंत माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. तू काही घालवलं नाहीस. तू काकांचा आवाज जपायला योग्य तेच यंत्र आणलंस. ते मी रिकामं केलं. काकूंना आणि धाकटीलाही हे पत्र वाचून दाखव. त्यांचंही होतं ते. मला माफ कर असं लिहीत नाही, ते लिहायला हात धजत नाही. फक्त यापुढे राग येईल तेव्हा आरशात बघून स्वतःवर काढू नकोस, माझ्यावर काढ, पत्ता पाकिटावर लिहिलाय. तुला तो आवाज आठवत नाही आणि मला रोज दुपारी ऐकू येतो. हे उलटं असायला हवं होतं.

अजूनही तुझाच,
माचिस