मोडीतून काढलेलं पदक

अब्बा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता लिहायला बसले आहे, तेही मराठीत. तुमचं मराठी वाचन दुकानांच्या पाट्यांपुरतं होतं, हे मला ठाऊक आहे. पण राजापेठेतल्या शाळेत मराठी शिकवता शिकवता माझा विचारही याच भाषेत व्हायला लागला आहे. अकोल्याचं आपलं भांड्यांचं दुकान भाईनं गेल्या महिन्यात बंद केलं. त्याचे गुडघे गेलेत आणि पितळेच्या घागरी आता कोण घेतं? माळ्यावरची तुमची पेटी खाली काढली तेव्हा त्यानं मला अमरावतीहून बोलावून घेतलं.

दक्षिण आफ्रिकेत इंग्रज आणि तिथले डच वंशाचे बोअर लढले, त्या बोअर युद्धातल्या वस्तू जमवणारा माणूस जुन्या शहरात तुमच्याशिवाय दुसरा नसावा. लोक फुटकी भांडी मोडीत द्यायला आणत, कामठीच्या छावणीकडचा भंगारवालाही फेरी मारी, आणि ढीग वितळायला जायच्या आधी तुम्ही तो हातानं चाळायचात. टोपीवरचे बिल्ले, कोटाची बटणं, तोफेच्या गोळ्याचं रिकामं पुंगळं. नगरच्या किल्ल्यात कैदेत असलेल्या कुणा बोअर सैनिकानं कोरलेली म्हणून घेतलेली हाडाची डबी. दक्षिण आफ्रिका कुठे आली हे तुम्ही माझ्या शाळेच्या नकाशात बघितलं होतं. मी बोट ठेवलं तर म्हणालात, एवढ्या लांब लढायला गेले?

ते पदक आलं तो दिवस मला नीट आठवतो. बाळापूर रस्त्यावरच्या खेड्यातून बाजारात झेंडू विकायला येणारी म्हातारी दुकानाच्या पायरीवर बसली आहे. तिनं मोडीत द्यायला पाणी भरायचा चेपलेला पितळी गुंड आणलाय. तो उपडा केला तर आतून काशाचं गोल पदक पडतं. एका बाजूला राणीचं तोंड, कडेवर इंग्रजी अक्षरं. तुम्ही ते माझ्या हातात देता. मी एक नाव वाचते आणि पुढे ‘साईस’, म्हणजे घोड्यांचा मोतद्दार.

“माह्या आजेसासऱ्याचं हाय,” म्हातारी सांगते. “गोऱ्यायच्या घोड्यासंगं बोटीत बसून गेलता. घोडे तिकडंच मेले, हा एकटा परत आला.”

“माय, हे मोडीत नको देऊ. घरी ठेव.”

“घरी ठेवून काय करू? पोरं गोट्या खेळते त्यानं. तुमीच ठेवा.”

तुम्ही गुंडासोबत त्याचेही पैसे दिलेत आणि ते खिशात घातलंत. ढिगावर टाकलं नाहीत.

पुढच्या वर्षी शाळेच्या संमेलनात मी झाशीची राणी झाले आणि शोभेसाठी ते पदक छातीवर लावून गेले. तुम्ही फाटकातच मला अडवलंत. बाई शेजारी उभ्या होत्या, म्हणून घरची बोली सोडून वऱ्हाडीत बोललात. “काढ ते. ज्यानं घोडे सांभाळले त्याचं हाय ते, तुह्या राणीचं नाही.” मग खाली बघून हळूच म्हणालात, “आन् झाशीची राणी इंग्रजाच्या राणीचं तोंड छातीवर लावते का?” बाई हसल्या. मला मात्र रडू आलं. घरी जाताना तुम्ही मला पेटीतलं एक साधं बटण दिलंत. ते मी अजून कोटाला लावते.

पेटी खाली काढल्यावर पुण्याचा एक संग्राहक ती सगळी घ्यायला तयार झाला होता, पण त्याची नजर त्या पदकावरच होती. साईसांची नावं असलेली फार उरली नाहीत म्हणे. मी भाईला म्हटलं, हे पदक वगळून बाकीचं दे. तो म्हणाला, “अब्बानं पैसे देऊन घेतलं, चोरलं नाही. त्याच्याबिगर तो माणूस बाकीचं काय म्हणून घेईल?” खरं होतं. मी तरी पदक पर्समध्ये टाकलं. संग्राहक रिकाम्या हातानं परत गेला आणि भाई बरेच दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाजारातल्या फुलवाल्यांना विचारत विचारत मी त्या खेड्यात पोचले. म्हातारी केव्हाच गेली. तिचा नातू झेंडूच्या वाफ्यात पाणी सोडत होता. मी पदक पुढे केलं तर त्यानं हात पँटला पुसले, मग घेतलं. कडेवरची अक्षरं एकेक करून लावली. “आमच्या घरचं नाव हाय हे,” म्हणाला. त्याच्या बायकोनं आतून पाणी आणलं. मला वांगी दिली पिशवीभर.

निघताना त्यानं विचारलं, “तुमच्या वडलानं काहून ठेवलं इतके वर्ष?”

मी म्हटलं, “तुमची अमानत म्हणून. कधीतरी कोणी मागायला येईल, असं ते म्हणायचे.”

त्यानं मान हलवली. त्याला पटलं.

अब्बा, तुम्ही असं कधीच म्हणाला नव्हतात. तुम्हाला ते आवडलं होतं म्हणून ठेवलं असेल, किंवा दुसरं काही असेल. मी विचारलं नाही आणि तुम्ही सांगितलं नाही. त्या माणसाला काहीतरी सांगायला हवं होतं, म्हणून मी तुमच्या तोंडी घातलं. आता त्याच्या घरात हेच सांगत राहतील.